गजभिये मास्तरांची निवड

भंडाऱ्यातल्या जुन्या माणसांना भाऊसाहेब गजभिये आठवतात ते त्यांच्या शिट्टीवरून. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं ते पी.टी.चे मास्तर होते. कबड्डीचं मैदान आखायला घेतलं की दोरी न लावता त्यांची चुन्याची रेघ सरळ जायची. पण गावात मान होता तो वेगळ्याच कामासाठी. जिल्ह्याचा कबड्डी संघ निवडणारी तीन माणसांची समिती होती, त्यातले ते एक. मास्तरांनी एखाद्या पोराकडे दोनदा पाहिलं तर त्या पोराच्या घरी त्या दिवशी गोडधोड व्हायचं, असं लोक सांगत.

१९७९ साली त्यांनी ते काम एकाएकी सोडलं. का सोडलं ते घरात कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. मुलगा रत्नदीप तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याला एवढंच आठवत होतं की त्या वर्षापासून रविवारी सकाळी बाबा मैदानावर जायचे बंद झाले आणि घरात बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे रेडिओ उघडू लागले. त्यांना रेडिओ दुरुस्त करता येत नव्हता. लोक तरी आणून देत.

रत्नदीप पुढे इंजिनियर झाला आणि नोकरीनं त्याला सिंगापूरला नेलं. अलेक्झांड्रा भागातल्या एका अमेरिकन कंपनीत तो कॉम्प्युटरच्या डिस्क तपासायचा. कुठला भाग किती वर्षं टिकेल आणि कुठला आधी जाईल, हे सांगणं हेच त्याचं काम. बायको दीक्षा बुओना व्हिस्टाच्या प्रयोगशाळेत संशोधन करायची. मुलगी स्नेहल नऊ वर्षांची, तिथल्याच शाळेत जाणारी. क्वीन्सटाउनमध्ये जुन्या इमारतीत सातव्या मजल्यावर त्यांचा भाड्याचा फ्लॅट होता. लांबच लांब कॉमन कॉरिडॉर, त्यात शेजारणीच्या कोरफडीच्या कुंड्या, आणि खाली मलाय पोरांचं सेपाक टाक्रॉ खेळायचं छोटंसं कोर्ट. वेताचा चेंडू पायानं जाळीपलीकडे मारण्याचा तो खेळ संध्याकाळी पाचला सुरू व्हायचा आणि त्याची टकटक वरपर्यंत ऐकू यायची.

२००४ च्या पावसाळ्यात बेबीबाई, म्हणजे रत्नदीपची आई, गेली. भाऊसाहेब एकटे पडले. दीक्षानं फोनवर सहा महिने पाठपुरावा केला, तेव्हा कुठे ते २००५ च्या मार्चमध्ये तीन महिन्यांसाठी यायला तयार झाले. चांगी विमानतळावर उतरले तेव्हा अंगात पांढरा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट, आणि पिशवीत घरची मोहाची फुलं. ती अडवली जातील असं कोणीतरी सांगितल्यामुळे ते आधीच कस्टमचा फॉर्म हातात धरून उभे होते. फुलं गेली ती गेलीच.

त्या सुमारास रत्नदीपला एक नाद लागला होता. त्याचा वरिष्ठ डग अमेरिकेतल्या ओहायोचा. त्यानं ऑफिसातल्या बाराजणांची फुटबॉलची लीग काढली होती. अमेरिकन फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू काखेत मारून समोरच्या भिंतीसारख्या माणसांत घुसण्याचा खेळ. लीगमध्ये प्रत्यक्ष कोणी खेळायचं नसतं. प्रत्येकानं कागदावर आपला संघ करायचा आणि अमेरिकेतले खरे खेळाडू दर आठवड्याला जे करतील त्याचे गुण आपल्याला मिळायचे. डगची लीग 'डायनेस्टी' प्रकारची होती. इतर लीगमध्ये दरवर्षी सगळं पुसून नव्यानं सुरुवात होते. इथे एकदा घेतलेला खेळाडू तुमचाच. तो खेळणं सोडेपर्यंत, नाहीतर तुम्ही त्याला सोडेपर्यंत. तरणं रक्त मिळायची वाट एकच होती. कॉलेजातून नव्यानं वर आलेल्या पोरांची दर मे महिन्यात निवड व्हायची आणि त्यात सर्वांत मागे राहिलेल्या संघाला आधी संधी मिळायची.

रत्नदीपच्या संघाचं नाव 'वैनगंगा'. डगला ते कधीच नीट म्हणता आलं नाही. त्याला मिळालेले खेळाडू कोणाच्या तरी आधीच्या संघातले, उतरत्या वयाचे, आणि गेल्या मोसमात तो बारात अकरावा आला होता. म्हणून या मेमध्ये त्याची दुसरी निवड होती. डगच्या भावानं कॉलेजच्या सामन्यांच्या सीडींचा खोका पाठवला होता, आणि रविवारी सकाळी पोहे खाऊन झाले की रत्नदीप वही घेऊन टीव्हीपुढे बसायचा.

पहिल्या रविवारी भाऊसाहेब शेजारी बसले. थोडा वेळ पाहून त्यांनी विचारलं, "हे काय लिहून राह्यला तू?"

"पोरं पारखतोय, बाबा. यातला एक मला निवडायचाय."

हातातला चहाचा कप खाली ठेवून भाऊसाहेब उठले आणि कॉरिडॉरमध्ये जाऊन उभे राहिले. दुसऱ्या रविवारीही तसंच झालं. तिसऱ्या वेळी रत्नदीप त्यांच्यामागून बाहेर गेला.

"बाबा, जरा मदत करा ना. तुमच्याइतकी पारख इथे कोणाला आहे?"

"मी निवड सोडली, बापू. त्यात माणसं दुखतात."

"यात कोणी दुखत नाही. त्या पोरांना ठाऊकसुद्धा नाही की क्वीन्सटाउनमध्ये बसून कोणी त्यांना निवडतंय. निवडलं काय, न निवडलं काय, त्यांच्या अंगावरचा केसही हलणार नाही."

भाऊसाहेबांनी कठड्यावर हात टेकले. मग म्हणाले, "म्हणजे कोणाची माय विचारायला येणार नाही?"

हा प्रश्न रत्नदीपला विचित्र वाटला, पण तो हसून म्हणाला, "कोणाचीच नाही."

"चाल मग. लाव ते."

त्यानंतरचे सहा आठवडे रत्नदीपला पुढे कितीतरी वर्षं आठवत राहिले. रिमोट स्नेहलच्या हातात असायचा आणि पुढे, मागे, थांब, असे आजोबांचे हुकूम सुटायचे. नियम त्यांना अर्धेच कळले आणि बाकीच्यांची त्यांनी फिकीर केली नाही. खेळाडूंची नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी स्वतःच नावं ठेवली. सगळी अमेरिका ज्याच्यामागे लागली होती तो चेंडू घेऊन धावणारा दांडगा गडी म्हणजे 'घोडा'. चेंडू झेलणारा एक उंच, अबोल पोरगा म्हणजे 'शांताराम'.

स्नेहल वैतागायची. "आजोबा, यू वॉचिंग द राँग मॅन लाह! बॉल तिकडे आहे!"

"चेंडूकडं सगळं गाव पाह्यते, बाई. चेंडू नसतो तेव्हा हा काय करते ते मला पाहू दे."

ते दोनशे पानी वहीत लिहायचे. खेळाडू पडल्यावर आधी काय करतो? स्वतःचा गुडघा चाचपतो, पंचाकडे पाहतो, की उठतो? चुकल्यावर कोणाकडे बोट दाखवतो? त्याला बाहेर बसवलं तर तो कसा बसतो? कॅमेरा बाकावर गेला की भाऊसाहेब पुढे सरकून बसत. "बाद होऊन बसलेला गडी पाहावा," ते म्हणत. "मैदानात सगळेच चांगले दिसतात."

एक दिवस बापलेकांत वाद झाला. रत्नदीपला घोडा हवा होता. आकडे त्याच्या बाजूनं होते.

"तू डिस्क तपासतो म्हणते ना?" भाऊसाहेबांनी विचारलं. "मग सांग, जो भाग सगळ्यात जास्त घासला जाते तो कधी जाते?"

"आधी."

"आमच्याकडे चढाई करणारा गडी सव्विसाव्या वर्षी संपायचा. खांदा नाहीतर गुडघा. कोपऱ्यात उभा राहून पकड करणारा चौतीसपर्यंत खेळायचा. तुला एका वर्षाचा संघ करायचा की घराणं करायचं? घराणं करायचं तर हा शांताराम घे. आज त्याच्यात काही दिसणार नाही. तिसऱ्या वर्षी पाह्य."

पुढचे दोन दिवस रत्नदीपनं ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत जुने आकडे काढून पाहिले. धावणारे खरंच लवकर संपत होते. ते कोणी त्याला सांगितलं नव्हतं असं नाही, पण वडिलांनी सांगितल्यावर ते त्याला पटलं.

निवड मेच्या दुसऱ्या शनिवारी, ऑफिसच्या पॅन्ट्रीत. कोणीतरी नारळाच्या जॅमचे काया टोस्ट आणि कोपीच्या, म्हणजे तिथल्या कॉफीच्या, पिशव्या आणल्या होत्या. भाऊसाहेब शर्ट खोचून, वही काखेत धरून आले. डगनं उठून त्यांना खुर्ची दिली आणि 'कोच' म्हटलं, ते त्यांना इतकं आवडलं की दिवसभर त्यांनी पाठ खुर्चीला टेकवली नाही. बाराजणांत दुसरा मराठी माणूस एकच होता, पुण्याचा सुबोध. तो बुकित तिमाहच्या महागड्या कॉन्डोत राहणारा मॅनेजर. त्याचा लॅपटॉप रंगीत तक्त्यांनी भरलेला, आणि त्याची निवड बरोबर रत्नदीपच्या नंतर होती.

पहिल्या माणसानं चेंडू फेकणारा खेळाडू घेतला. घोडा शिल्लक राहिला. रत्नदीपनं वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, काही नाही, नुसते वहीकडे पाहत राहिले. रत्नदीपनं शांतारामचं खरं नाव उच्चारलं.

आधी कोणाला विश्वासच बसेना, मग हशा पिकला. सुबोध उठून भाऊसाहेबांकडे आला आणि वाकून म्हणाला, "काका, तुमचे उपकार कसे फेडू?" आणि त्यानं घोडा घेतला.

चौथ्या फेरीत भाऊसाहेबांनी एक असं नाव सुचवलं की डगला त्याचं स्पेलिंग विचारावं लागलं. दूर गवताळ मुलखातल्या कुठल्या लहानशा कॉलेजचा धावणारा पोरगा. सगळ्या खोक्यात त्याचा एकच सामना होता, आणि त्यात त्याच्या संघाचा सपाटून पराभव झाला होता. वहीत त्याचं नाव 'उठणारा'. सदतीस वेळा पडला आणि सदतीस वेळा इतरांच्या आधी उठला, असं भाऊसाहेबांनी मोजून लिहिलं होतं.

"हा माझ्याकडून घे," ते म्हणाले. एवढंच.

महिनाअखेरीस ते भंडाऱ्याला परतले. मोसम सुरू झाला आणि पुढचे चार महिने सोमवार-मंगळवार रत्नदीपला ऑफिसात तोंड लपवायची पाळी आली. घोडा चौखूर उधळला होता. शांताराम आठवड्याला एखादा चेंडू झेलायचा, कधी तोही नाही. वर्षअखेर सुबोध पहिला आला आणि वैनगंगा बारावी. उठणाऱ्याचं तर त्याहून वाईट झालं होतं. ऑगस्टमध्येच त्याच्या खऱ्या संघानं त्याला काढून टाकलं आणि दुसऱ्या कोणी घेतलं नाही. ही बातमी रत्नदीपनं दोन महिने दडवली. कॉलिंग कार्डावरच्या एका फोनमध्ये ती अखेर सांगावी लागली.

कार्डातली मिनिटं चालली होती.

"तू त्याला काढला का?"

"नाही अजून. पण बाबा, जागा अडते हो."

"राहू दे."

त्यानं राहू दिला. २००६ च्या मेमध्ये पहिली निवड वैनगंगेची होती. भाऊसाहेब तिकडे भंडाऱ्यात, म्हणून रत्नदीपनं फोनवर खेळाडूंची वर्णनं ऐकवून त्यांचा कौल घेतला. तो पोरगा साफ फुकट गेला. "वर्णन ऐकून सोयरीक करत नाहीत, तर गडी कसा निवडावा?" असं म्हणून भाऊसाहेबांनी चूक स्वतःच्या पदरात घेतली. पण त्याच मोसमात दोन गोष्टी झाल्या. तिसऱ्याच आठवड्यात घोड्याचा गुडघा गेला. आणि शांताराम झेलू लागला. नुसता झेलू लागला नाही, तर ज्या ठिकाणी फेकणाऱ्याला कोणीच दिसत नसे तिथे हा आधीच पोचलेला असे. वैनगंगा वर सरकत चौथी झाली.

डिसेंबरमध्ये भाऊसाहेब पुन्हा आले. या खेपेला मोहाची फुलं नाहीत, आणि चालणं थोडं हळू झालेलं. त्याच आठवड्यात सुबोधनं अदलाबदलीचा प्रस्ताव पाठवला. त्याचे दोन चांगले खेळाडू वैनगंगेला आणि वैनगंगेचा एक त्याला. एक देऊन दोन घ्यायचे तर संघात एक जागा मोकळी करणं आलं. जेवताना रत्नदीपनं सहज सांगितलं, "उठणाऱ्याला काढतो आता."

"नको," भाऊसाहेब म्हणाले.

"बाबा, तो खेळतच नाही कुठे. डग म्हणत होता, एका शाळेत शिकवतो म्हणे. दीड वर्ष झालं, त्याची जागा नुसती अडून आहे."

"तू त्याला काढायचं नाही."

"अहो, पण का? त्याला कळणार आहे का तिकडे?"

आवाज चढला होता. भाऊसाहेबांनी ताटाला नमस्कार केला, चपला घातल्या आणि लिफ्टनं खाली गेले. रत्नदीप थोड्या वेळानं मागोमाग उतरला. ते टाक्रॉच्या कोर्टाजवळच्या सिमेंटच्या बाकावर बसले होते. रविवारची दुपार उतरत होती, पोरं अजून जमायची होती. रत्नदीप शेजारी बसला. बाजार घेऊन येणारी दीक्षा लांबून दिसली. दोघांचे चेहरे पाहून तिनं पिशव्या खाली ठेवल्या आणि तीही बसली.

"प्रमोद रामटेके आठवते तुला?" भाऊसाहेबांनी विचारलं.

रत्नदीपला अंधुक आठवत होता. आपल्याच वस्तीतला, काटक. बाबांनी त्याला लहानपणापासून तयार केलेला.

"अठ्ठ्याहत्तर साल. बाराजणांचा संघ निवडायचा होता. अकरा झाले. बाराव्या जागेला दोघं राह्यले, प्रमोद आणि तुमसरचा एक पोट्टा. तोही बरा होता, पण प्रमोद त्याच्यापेक्षा चांगला होता. हे मला माहीत होतं, समितीतल्या बाकी दोघांनाही माहीत होतं. अध्यक्ष म्हणाले, मास्तर, पोरगा तुमच्या हातचा आहे, तुम्हीच सांगा. दोघांची काही ना नव्हती. आणि मी म्हटलं, तुमसरचा घ्या."

"का?" दीक्षानं विचारलं.

"आपल्या वस्तीतला म्हणून घेतला, असं कोणी म्हणेल म्हणून. कोणी म्हटलं नव्हतं. मीच मनात म्हणून घेतलं. तो संघ राज्य स्पर्धेला गेला. तिथे रेल्वेची माणसं आली होती. त्यांनी तिघांना नोकरीवर घेतलं. त्यातला एक तो तुमसरचा. प्रमोदनं मला काही विचारलं नाही. संघाचा सरावाचा बनियन धुऊन, घडी करून शाळेत आणून दिला. त्याची माय मात्र आली. म्हणाली, मास्तर, पोट्ट्याचं काय चुकलं तेवढं सांगा, तो सुधारीन. मी म्हटलं, काही नाही, बाई. एवढंच म्हटलं."

पोरं आली. जाळी बांधू लागली.

आईवडिलांच्या बाबतीत रत्नदीपला एक सवय होती. त्यांचं दुःख पाहिलं की तो लगेच काहीतरी समजुतीचं बोलायचा. आताही तो म्हणाला, "जाऊ द्या बाबा, किती वर्षं झाली त्याला."

दीक्षानं त्याला हातानं थांबवलं. "बाबा, प्रमोदभाऊ आता कुठे असतात?"

"भंडाऱ्यातच. सायकल, मोटरसायकलचं पंक्चरचं दुकान आहे. मी त्या रस्त्यानं जात नाही."

"मग तो अमेरिकेतला पोरगा संघात ठेवून काय होणार?" ती शांतपणे म्हणाली. "प्रमोदभाऊंना जाऊन सांगा ना. त्यांच्या आईनं विचारलं होतं. उत्तर द्यायचं राहिलंय."

भाऊसाहेबांनी सुनेकडे पाहिलं. शाळेत इतकी वर्षं त्यांनी पोरांना दटावलं होतं. आपल्याला कोणी असं सरळ बोलावं याची त्यांना सवय नव्हती. "प्रमोदची माय वारली," ते म्हणाले. "प्रमोद आहे," दीक्षा म्हणाली.

फेब्रुवारीत ते परत गेले. सुबोधबरोबरची अदलाबदल रत्नदीपनं नाकारली. उठणारा कागदावर राहिला.

मार्चच्या एका रविवारी भाऊसाहेबांनी स्वतःहून फोन केला. एरवी फोन सिंगापूरहूनच जायचा, त्यामुळे रत्नदीप दचकला.

"गेलतो प्रमोदकडे," ते म्हणाले. आणि मग तुटक तुटक सगळं सांगितलं.

प्रमोदनं त्यांना ओळखलं, स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. भाऊसाहेबांनी चहा येण्याआधीच सांगून टाकलं की बाराव्या जागेवर तुझा हक्क होता, तू कमी पडला नाहीस, मी भ्यालो. प्रमोद टायर हातात धरून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "मास्तर, एकोणतीस वर्षं मी माझ्या चढाईत खोट शोधून राह्यलो. डावा पाय उशिरा निघते म्हणून तुम्ही घेतलं नाही, असं धरून चाललो. अजूनही झोपायच्या आधी तो पाय मी डोक्यात सरळ करतो. तेव्हाच सांगितलं असतं तर मी चिडलो असतो, दोन शिव्या दिल्या असत्या, आणि सुटलो असतो."

"मग?" रत्नदीपनं विचारलं.

"मग म्हणाला, आज जा तुम्ही. मी उठलो. चहा तसाच राह्यला."

यावेळी रत्नदीपनं समजूत घातली नाही. नुसता फोन धरून राहिला. थोड्या वेळानं भाऊसाहेबच म्हणाले, "बरं झालं गेलो ते. त्याचा राग त्याला मिळाला." फोन ठेवताना आठवण झाल्यासारखं म्हणाले, "त्या उठणाऱ्याला सोडून दे आता. शिकवू दे त्याला शाळेत."

तीन आठवडे तिकडे काही घडलं नाही. मग एका संध्याकाळी प्रमोद मोटरसायकल घेऊन दारात आला. आत आला नाही. गाडीवर बसूनच म्हणाला, "रविवारी सकाळी पोरींना शिकवतो मी, नदीकडच्या मैदानावर. माझी लहानी पण आहे त्यात. या पाहायला. निवडायला नका येऊ, नुसतं पाहायला या." भाऊसाहेब त्या रविवारी गेले. अठ्ठावीस वर्षांनी रविवारच्या मैदानावर पाय ठेवला. मैदानाची आखणी वाकडी होती. ती पुसून नव्यानं करण्यात त्यांची अर्धी सकाळ गेली आणि प्रमोदनं त्यांना करू दिली.

त्याच वर्षी वैनगंगेनं लीग जिंकली. शांताराम तिसऱ्या वर्षात होता आणि त्याला आवरणारा कोणी राहिला नव्हता. डगनं आणलेला प्लास्टिकचा सोनेरी कप रत्नदीपनं घरी नेला तेव्हा स्नेहलनं त्यात रंगाचे ब्रश ठेवायला सुरुवात केली. सुबोधचा फोन आला. "काकांना सांग, माझ्या तक्त्यात गुडघ्याचा रकाना नव्हता," तो म्हणाला, आणि मग अगदी मनापासून, "पुढच्या मेमध्ये येतायत ना ते? मी त्यांच्या शेजारी बसणार आहे."

२००८ च्या मेमध्ये ते आले. पॅन्ट्रीतली ती शेवटचीच निवड ठरली, पण तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. जेवणानंतर दुसऱ्या फेरीतच भाऊसाहेबांचा डोळा लागला. बाराजण कुजबुजत्या आवाजात नावं घेत राहिले. कोणी मोठ्यानं हसलं की डग ओठांवर बोट ठेवायचा. वैनगंगेची पाळी आली तेव्हा रत्नदीपनं त्यांना उठवलं नाही. मांडीवरची वही अलगद उघडली. त्या वर्षी तिच्यात खेळाडूंपेक्षा नदीकाठच्या मैदानावरच्या पोरींचीच टिपणं जास्त होती.

वर्षअखेर मंदी आली. कंपनीनं निम्मं काम दुसऱ्या देशात हलवलं. डग ओहायोला परतला, आणखी चौघं गेले. लीग चालू ठेवू असं सगळ्यांनी एकमेकांना लिहिलं. २००९ च्या फेब्रुवारीत डगचं पत्र आलं, त्यात लीग बंद केल्याबद्दल माफी होती आणि 'कोच'ला नमस्कार होता. रत्नदीपची नोकरी टिकली, पण अलेक्झांड्राचं ऑफिस सुटलं. क्वीन्सटाउन सोडून तिघंही सेंगकांगच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. तिथे सगळं कोरं होतं, कॉरिडॉर आखूड, शेजारी तरुण. खिडकीखालून एलआरटी या लहान रेल्वेचे छोटे डबे जायचे. मे महिना जवळ आला तसं रविवारी पोहे खाऊन झाल्यावर काय करावं ते रत्नदीपला कळेना. टीव्हीवर काही लावायचा, बंद करायचा.

"आजोबांना बोलवा ना," स्नेहल म्हणाली. आता ती तेरा वर्षांची झाली होती आणि रिमोट कोणाला देत नव्हती.

रत्नदीपनं फोन लावला. तिकिटाचं मी पाहतो, निवड नसली तरी या, असं सांगितलं.

"मेमध्ये नाही जमणार बापू," भाऊसाहेब म्हणाले. मागे कोणीतरी शिट्टी मारत होतं, पोरींचा गलका ऐकू येत होता. "पोरींची स्पर्धा आहे गोंदियाला. प्रमोद म्हणते, तुम्ही पाणी अन् ग्लुकोज सांभाळा. मी म्हटलं, सांभाळतो. थांब, तो हाक मारून राह्यला."

फोन त्यांनी ठेवला नाही, बहुधा खिशात टाकला. रत्नदीप दोन-तीन मिनिटं ऐकत राहिला. सत्तरीच्या पुढचे आपले वडील पायातल्या चपला फटफटवत कुठेतरी पळत होते आणि कोणाला तरी ओरडून सांगत होते की सावलीत बसा, सावलीत. मग दीक्षानं विचारलं, "काय म्हणतात बाबा?" आणि त्यानं फोन तिच्या कानाला लावला.